जुन्या रेंजफाइंडरचा कारागीर

वडिलांच्या कपाटात वर्षानुवर्षे कातडी खोळीत पडून राहिलेला, किंवा मुंबईच्या चोरबाजारात घासाघीस करून पदरात पाडून घेतलेला, एखादा जुना रेंजफाइंडर कॅमेरा हाती यावा, त्याची चावी फिरावी, कळ दाबताच आतून बारीकसा आवाजही यावा, आणि तरीही पहिला रोल धुऊन आल्यावर त्यातील निम्मी चित्रे अंधूक निघावीत, असे झाले म्हणजे मालक साहजिकच विचारू लागतो की, हा दुरुस्त करून देणारा माणूस आता मिळेल कुठे? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच्या अगोदर दुसऱ्या एका प्रश्नाचा निकाल लागावा लागतो, तो हा की, या यंत्राला नेमके झाले आहे काय? या जातीच्या कॅमेऱ्यात प्रकाशशास्त्र, घड्याळजीची विद्या आणि काही नमुन्यांत विजेचे मंडल, अशा तीन विद्या एका लहानशा पेटीत नांदत असतात. तिन्हींवर सारखाच अधिकार असलेला कारागीर पूर्वीही विरळाच होता. म्हणून ज्याने आपल्या यंत्राची परीक्षा आधी स्वतः केली आहे त्यालाच योग्य माणूस ओळखता येतो. इतरांना फक्त दुकाने सापडतात.

या कॅमेऱ्याचे दुखणे दडून राहते याला त्याची रचनाच कारण आहे. एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाशच आरशावरून वळून डोळ्यापर्यंत पोहोचत असल्यामुळे भिंगाची चूक डोळ्याला तत्काळ कळते. रेंजफाइंडरमध्ये पाहण्याची खिडकी निराळी आणि चित्र घेणारे भिंग निराळे. दोहोंमधला सारा व्यवहार एका चिमुकल्या धातूच्या दांडीमार्फत चालतो, आणि त्या दांडीने खोटी खबर दिली तरी खिडकीतले दृश्य लख्खच दिसत राहते. भिंगावर टोपण तसेच राहिले असताना अख्खा समारंभ टिपून काढण्याची फजिती या कॅमेऱ्याच्या मालकांच्या वाट्याला वारंवार येते, तीही याच कारणाने.

अंतर मोजण्याची जी युक्ती येथे योजलेली आहे ती मोजणीखात्याच्या चांगली परिचयाची आहे. ज्ञात लांबीच्या पायारेषेच्या दोन टोकांवरून एकाच दूरस्थ खुणेकडे पाहिले असता दोन दृष्टिरेषांमध्ये जो कोन होतो, त्यावरून खुणेचे अंतर निघते. १८८८ साली ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी अंतरमापकाची जाहिरात दिली, तेव्हा आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या लीड्सच्या दोन प्राध्यापकांनी हे तत्त्व एका नळीत बसवून दाखवले, आणि पुढे त्यांच्या यंत्राला आरमाराने आश्रय दिला. कॅमेऱ्याच्या भिंगाशी जोडलेला अंतरमापक कोडॅक कंपनीने १९१६ साली आपल्या ३-ए ऑटोग्राफिक स्पेशल या कॅमेऱ्यात आणला खरा, पण त्याला जगभर प्रतिष्ठा लाभली ती जर्मनीत. वेट्झलार येथील लाइट्स यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक याने घडवलेला लायका १९२५ च्या लाइपझिग जत्रेत लोकांपुढे आला तेव्हा त्यात जोडलेला अंतरमापक नव्हता. तो १९३२ च्या लायका-२ मध्ये आला, आणि त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉन कंपनीने कॉन्टॅक्स बाजारात आणून त्याला प्रतिस्पर्धी उभा केला. १९५४ साली निघालेल्या लायका एम-३ मध्ये ही रचना इतकी परिपक्व झाली होती की, आजचा कारागीरही तोच नमुना प्रमाण मानतो.

या एम-३ मध्ये दोन खिडक्यांमधली पायारेषा ६८.५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहूनही कमी आहे. एवढ्या पायारेषेवर १ मीटरवरील वस्तूसाठी होणारा कोन सुमारे ४ अंशांचा असतो. १० मीटरवर तो ०.४ अंशाच्या आत येतो. आणि १० मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सारे जग त्या ०.४ अंशाच्या पोटात सामावलेले असते. भिंग फिरवले की त्याच्या पाठीमागचे पितळी कडे मागेपुढे सरकते, त्या कड्यावर टेकलेली दांडी ते सरकणे आत पोहोचवते, आतील लोलक किंवा भिंग किंचित वळते, आणि खिडकीच्या मध्यभागी दिसणाऱ्या लहान चौकटीतील दुसरी प्रतिमा आडवी सरकत जाऊन मूळ प्रतिमेशी एकरूप होते. कॅमेरा एकदा टेबलावरून पडला, किंवा एखाद्या उत्साही गृहस्थाने भलताच स्क्रू अर्धा फेरा फिरवला, की ह्या अंशाच्या दशांशांचा हिशेब कोलमडतो. तो पुन्हा जुळवण्यासाठी कारागिराला तीन गोष्टी साधाव्या लागतात: अतिदूरच्या वस्तूवर मेळ, जवळच्या वस्तूवर मेळ, आणि दोन्ही प्रतिमांची उभी पातळी. यातील पहिल्या दोन परस्परांवर अवलंबून असल्याने एक सुधारताना दुसरी बिघडते, आणि दोहोंचा समझोता होईपर्यंत पुनःपुन्हा तपासत राहण्यावाचून गत्यंतर नसते. ‘पाच मिनिटांत करून देतो’ असे म्हणणारा मनुष्य बहुधा त्यातील एकच साधून देत असतो.

मालकाने घरी करावयाची परीक्षा यावरूनच ठरते. भिंग दूरच्या टोकाला, म्हणजे अनंताच्या खुणेवर नेऊन खात्रीने काही किलोमीटर दूर असलेल्या वस्तूकडे पाहावे. पुण्याच्या माणसाला गच्चीवरून दिसणारा सिंहगडावरील दूरदर्शनचा मनोरा चालेल, मुंबईच्या माणसाने नरिमन पॉइंटवर उभे राहून मलबार हिलची एखादी इमारत पाहावी. प्रतिमा एकरूप झाल्या नाहीत, किंवा एक दुसरीच्या डोक्यावर बसली, तर ते टिपून ठेवावे. मग कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा, पाठ उघडावी, शटर ‘बी’वर उघडे धरावे, फिल्म ज्या आतल्या दोन रुळांवर टेकते त्यांवर घासलेल्या काचेचा तुकडा खरखरीत बाजू भिंगाकडे करून ठेवावा, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडावे आणि काचेवर उमटलेली प्रतिमा दुसऱ्या भिंगाने निरखावी. काचेवर मनोरा रेखीव आणि खिडकीत मात्र दुहेरी, असे दिसल्यास दोष अंतरमापकाचा. काचेवरच तो पुसट असल्यास दोष भिंगाचा किंवा त्याच्या बैठकीचा. ५० मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ-२ वर उघडे असता १ मीटर अंतरावर स्पष्टतेची खोली जेमतेम ४-५ सेंटिमीटर भरते, म्हणून जवळची परीक्षाही अशीच, मीटरपट्टी तिरपी ठेवून करावी. बैठकीच्या बाबतीत तर मामला याहून नाजूक असतो: जुन्या आट्यांच्या लायकात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८० मिलिमीटर आणि एम मालिकेत २७.८० मिलिमीटर असावे लागते, आणि कारागीर त्यात मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांचा हिशेब ठेवतो.

कॅमेरा खरोखर कोणता आहे याचीही खातरजमा याच वेळी करावी, कारण त्यावर सुट्या भागांचा आणि खर्चाचा सगळा प्रश्न अवलंबून आहे. खारकोव्ह येथे सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञ माकारेंको यांच्या नावाशी निगडित असलेल्या बालवसाहतीत १९३४ पासून फेड या नावाने लायकाच्या नकला होऊ लागल्या. १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे झोर्की निघू लागला, आणि त्यातील एकट्या झोर्की-४ या नमुन्याचे १९५६ ते १९७३ पर्यंत सतरा लाखांहून अधिक नग बनले. युद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्रीच सोव्हिएत सत्तेने भरपाई म्हणून नेली आणि तिच्यावर कीव्ह कॅमेरा उभा राहिला. फेड आणि झोर्की यांवरील मूळ अक्षरे घासून, त्यांवर लायकाचे नाव, सोनेरी मुलामा आणि जर्मन सैन्याची बोधचिन्हे कोरून विकण्याचा धंदा पुढे फोफावला, व तो माल जुन्या बाजारांतून अजूनही हिंडतो. भिंग काढून आत डोकावले असता, पितळी कड्यावर टेकणाऱ्या दांडीच्या टोकाला गोल चाक असेल तर लायका असण्याचा संभव राहतो. तेथे पाचरीसारखे निमुळते नाक असेल तर तो सोव्हिएत कारखान्याचा, वरचे नाव काहीही असो. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. झोर्की हा चांगला कॅमेरा आहे, आणि सुट्या भागांसाठी त्याचा दुसरा मोडका नग अल्प किमतीत मिळू शकतो. लायकाचे तसे नाही.

आता शटरकडे वळावे. लायका आणि त्याच्या वंशातील कॅमेऱ्यांत रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे एकामागून एक आडवे धावतात. १/१००० सेकंदाच्या वेगाला त्यांच्यामध्ये दोनएक मिलिमीटरची फट उरते, आणि ती फट फिल्मवरून सरकत जाते. वंगण सुकून पहिला पडदा रेंगाळला तर दुसरा त्याला वाटेतच गाठतो, फट मिटते, आणि छापील चित्राची एक बाजू काळवंडते. मंद वेगांसाठी आत घड्याळासारखी दंतचक्रांची मालिका असते. १ सेकंदाच्या वेगाला तिची घरघर मध्येच अडखळली, तर तेथील तेल घट्ट झाले असे समजावे. या कॅमेऱ्यांत भिंग आणि पडदा यांच्यामध्ये आरसा नसल्याने, टोपण न लावता कॅमेरा उन्हात सूर्याकडे तोंड करून ठेवला, तर भिंग सूर्यबिंब थेट कापडावर एकवटते आणि त्यात सुईच्या टोकाएवढे छिद्र पडते. अंधाऱ्या खोलीत, भिंग काढून व पाठ उघडून, पुढून विजेरी धरली असता ते छिद्र ताऱ्यासारखे चमकते. लहान छिद्र रबरी लेपाने बुजते. कापड जुने होऊन तडकले असेल तर नवे पडदे बसवावे लागतात, आणि हे काम ज्याने पूर्वी केले आहे त्याच्याच हाती द्यावे. कॉन्टॅक्स आणि कीव्ह यांचे शटर निराळेच: धातूच्या पट्ट्यांचा तो पडदा रेशमी फितींवर तोललेला असतो, त्या फिती तुटतात, आणि त्या पुन्हा ओवणारे हात सर्व जगात थोडे आहेत.

प्रकाशमार्गाचे दोष बाहेरून दिसतात, परंतु त्यांवर हौशी इलाज सर्वांत घातक ठरतात. दोन प्रतिमा एकत्र आणणारा अर्धपारदर्शक आरसा हा काचेवर चढवलेला धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. चौकट फिकी दिसते म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने तो पुसायला गेल्यास थरच बोळ्यावर उतरतो, आणि मग त्या मापाचा नवा आरसा कापून घेण्याखेरीज उपाय उरत नाही. एम-३ मधील लोलक कॅनडा बाल्सम या डिंकाने जोडलेले असून, अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर एखाद्या धक्क्याने तो सांधा सुटतो आणि चौकट एकाएकी काळी पडते. हा कॅमेरा विकत घेणाराने डोळा प्रथम तेथेच लावावा. कोकणपट्टी आणि मुंबई येथील पावसाळ्याचा खास रोग म्हणजे बुरशी. कातडी खोळ ओल धरून ठेवते, बंद कपाटात हवा खेळत नाही, आणि भिंगाच्या आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. ते ताजे असताना भिंग उघडून साफ करता येतात; पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप किंवा काचच कोरली गेली असेल, तर जगातला कोणताही कारागीर ते व्रण पुसू शकत नाही. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा हा येथील हवेत दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

तिसरी विद्या विजेची. १९६६ साली निघालेला याशिका इलेक्ट्रो ३५ घराघरांतून सापडतो. त्याच्या आत रबराचा एक लहानसा तुकडा असतो, तो काळाने विरघळतो आणि शटरची वेळ ठरवणारे मंडल बिघडते. चावी ओढताना शेवटी जो ठळक ‘ठक’ असा आवाज यायला हवा तो येत नसेल, तर रोग हाच, हे हा कॅमेरा हाताळणाऱ्यांना ठाऊक असते. त्याला लागणारी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, तरी ६ व्होल्टची चालते. ज्या कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले होते, त्यांत मात्र १.५ व्होल्टची बसवल्यास काटा खोटे सांगतो, आणि ती तजवीज कारागिराकडून करून घ्यावी लागते.

एवढी हकीगत कागदावर उतरली म्हणजे शोध सुरू करावा. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजाराच्या आसपास, दिल्लीत चांदनी चौकाच्या कूचा चौधरीत आणि कोलकात्यात मेट्रो सिनेमाच्या गल्लीत कॅमेऱ्यांचा व्यापार एकवटलेला आहे, आणि जुने मेकॅनिक अशा पेठांच्या वरच्या मजल्यांवर, पाटी नसलेल्या खोल्यांत बसलेले असतात. परवाना-पद्धतीच्या काळात परदेशी कॅमेरा आणणे दुष्कर होते, त्यामुळे स्टुडिओवाल्यांना जुनेच यंत्र पुनःपुन्हा दुरुस्त करून चालवणे भाग पडे. त्या निकडीत ही विद्या वाढली, उस्तादाच्या हाताखाली बसून शिकली गेली, आणि रोलचा जमाना सरल्यावर पुढच्या पिढीने ती बहुतांशी सोडून दिली. दुकानदारांपेक्षा अजूनही रोल वापरणाऱ्या मंडळींना विचारावे. छायाचित्रकारांच्या संस्था, कलाशाळांतील छायाचित्रण विभाग आणि फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळा यांना कोणाचे काम टिकते याची खबर असते. घड्याळजी हुशार असला तरी त्याला शटरची चक्रमालिका कळेल, अंतरमापक नाही; हा भेद ध्यानात ठेवावा.

माणसाची पारख त्याच्या पहिल्या प्रश्नावरून होते. ‘काका, शटर चालतं, पण फोटो नीट येत नाहीत,’ असे सांगितल्यावर जो ‘निगेटिव्ह आणलंत का? कितीच्या स्पीडला घेतलेत?’ असे विचारतो, त्याच्यासमोर बसावे. ‘ठेवून जा, ऑइलिंग करून ठेवतो, शनिवारी या,’ असे जो म्हणतो, त्याला नम्रपणे नमस्कार करावा. कारण वरून सोडलेले तेल पात्यांवर आणि पडद्यांवर पसरून आजचा अडथळा उद्याचा कायमचा रोग होतो. त्याच्या मेजावर शटरचा वेग मोजणारे यंत्र आहे काय, दूरचे लक्ष्य खोलीतच निर्माण करणारा कोलिमेटर आहे काय, की सारे काम कानाने आणि खिडकीबाहेरच्या टाकीकडे पाहून चालते, हे न्याहाळावे. कान अनुभवी असू शकतो, पण १/५०० आणि १/१००० यांतला फरक कानाने ठरत नाही. दुरुस्त होऊन ठेवलेल्या दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्याच्या स्क्रूंच्या खाचाही पाहाव्यात: त्या शाबूत असतील तर हात हलका आहे; पकडीने चावलेल्या दिसल्या तर पुढे बोलणे नको. ‘हे मी करत नाही’ असे एखाद्या कामाविषयी स्पष्ट सांगणारा कारागीर अधिक विश्वासार्ह, कारण त्याला आपल्या विद्येची हद्द माहीत असते.

व्यवहार मात्र चोख ठेवावा. पावतीवर कॅमेऱ्याचा आणि भिंगाचा क्रमांक, ठरलेले काम, अंदाजी रक्कम आणि बदललेले भाग परत देण्याची अट हा मजकूर असावा. कॅमेरा आणि भिंग दोन्ही एकत्र द्यावीत. भिंग घरी ठेवून केवळ कॅमेरा दिला तर मेळ बसला की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. परदेशी पाठवणे अटळ ठरले, तर निघतानाच क्रमांकासह कागदपत्रे करावीत, नाहीतर आपलाच कॅमेरा परत येताना जकातीच्या दप्तरात नवा माल ठरण्याची धास्ती राहते. परत आल्यावर घरचीच परीक्षा पुन्हा करावी आणि एक रोल तिपाईवरून, छिद्र पूर्ण उघडून, जवळ, मध्यम व दूर अशा तिन्ही अंतरांवर घ्यावा. तो धुऊन येईपर्यंत दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये.

या सगळ्यावरून जो नवा कॅमेरा शोधू पाहत असेल त्याच्यासाठी एक व्यवहारी नियम निघतो. निव्वळ यांत्रिक रचनेचा एम-३ सत्तर वर्षांनीही उघडता, धुता आणि जुळवता येतो, कारण त्याचे बहुतेक भाग कुशल हाताला दुरुस्त करता येतात किंवा नव्याने घडवता येतात. विजेच्या मंडलावर चालणाऱ्या कॅमेऱ्यात एक विशिष्ट भाग जळाला की दुसरा मोडका नग शोधण्यावाचून मार्ग नसतो. आणि कॉन्टॅक्ससारखा अप्रतिम पण अवघड कॅमेरा घेणे म्हणजे दूरदेशीच्या एखाद्या कारागिराच्या यादीत आपले नाव चढवणे होय. तेव्हा आपल्या गावी, किंवा रेल्वेच्या एका दिवसाच्या पल्ल्यात, कोणत्या जातीच्या यंत्राला हात लावणारा माणूस आहे हे आधी ठरवावे, त्याला विचारावे की तुम्ही कोणता उघडता, आणि तो ज्याचे नाव घेईल तोच कॅमेरा बाजारात शोधावा.